मिस्साची वेळ आणि पेटीचा भाव

मुंबईतल्या मोठ्या चर्चमध्ये रविवारी सकाळपासून चार-पाच मिस्सा होतात. बहुतेक इंग्रजीत असतात, एखादी मराठीत, कुठे कोकणीत किंवा तमिळमध्येही. परिसरात नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाला मराठी मिस्सा किती वाजता, एवढेच जाणून घ्यायचे असते. देवगडच्या आंबा बागायतदाराकडे ठाण्याहून चौकशी करणाऱ्यालाही फार काही नको असते. पाच डझनांची पेटी केवढ्याला, पोचेल कधी आणि फळ खराब निघाले तर काय, हे तीन प्रश्न असतात. हे दोघेही हल्ली आधी फोनवर शोधतात. संकेतस्थळ सापडते, त्यावर इमारतीचा किंवा बागेचा देखणा फोटोही असतो. पण मिस्साची वेळ सापडत नाही आणि पेटीचा भावही.

चर्च आणि आंब्याचा व्यापार यांत साम्य शोधायला जाऊ नये. संकेतस्थळाच्या बाबतीत मात्र दोघांची परिस्थिती बरीच सारखी आहे. दोघांकडेही संगणक विभाग नसतो. संकेतस्थळ कुठल्यातरी निमित्ताने तयार होते: चर्चचा शताब्दी सोहळा, दुकानाची पंचविशी, किंवा भाच्याने नुकताच केलेला वेब डिझाइनचा कोर्स. निमित्त संपले की काम संपले असे धरले जाते. पुढे फादरची बदली होते, भाचा पुण्याला नोकरीला लागतो आणि संकेतस्थळ होते त्या तारखेवर थांबते.

हे का घडते आणि त्याने नेमके काय बिघडते, हे समजून घ्यायचे तर एखादे पान फोनवर उघडते तेव्हा पडद्यामागे काय होते ते पाहावे लागेल. आपण पत्त्यावर बोट ठेवतो तेव्हा फोन त्या नावामागचा आकडी पत्ता शोधतो. मग जिथे संकेतस्थळ ठेवलेले असते त्या सर्व्हरकडे, म्हणजे सतत चालू असणाऱ्या दूरच्या संगणकाकडे, तो पान मागतो. आधी मजकूर येतो, त्यामागून चित्रे, अक्षरवळणे आणि पान हलते-फिरते ठेवणारे छोटे प्रोग्राम येतात. यातली प्रत्येक गोष्ट वेगळी मागवली जाते आणि प्रत्येकीला वजन असते.

वजनाचा हिशेब साधा आहे. आजच्या फोनने काढलेला एक फोटो सहज चार मेगाबाइटचा असतो. सणाच्या मिरवणुकीचे असे वीस फोटो कुणी जसेच्या तसे पहिल्या पानावर टाकले, तर ते पान ऐंशी मेगाबाइटचे होते. सेकंदाला आठ मेगाबिट, म्हणजे एक मेगाबाइट, वेगाच्या जोडणीवर ते पूर्ण उतरायला ऐंशी सेकंद लागतात. गावाकडच्या रेंजवर त्याहून जास्त. तेच फोटो फोनच्या पडद्याला पुरतील एवढे लहान करून घेतले, तर एकेक दीड-दोनशे किलोबाइटमध्ये बसतो आणि पाहणाऱ्याच्या डोळ्याला फरक जाणवत नाही. हे लहान करून देणारी साधने फुकट मिळतात. तरी बहुतेक ठिकाणी हे काम झालेले नसते, कारण ज्याने संकेतस्थळ बनवले त्याने ते कार्यालयातल्या वेगवान वायफायवर पाहिले होते.

या संथपणाचा परिणाम पाहुण्याच्या वैतागापुरता उरत नाही. गूगलने एप्रिल २०१५ मध्ये मोबाइलवरच्या शोधात फोनवर नीट दिसणाऱ्या पानांना झुकते माप द्यायला सुरुवात केली. पुढे त्यांचा शोधयंत्रणेचा प्रोग्राम संकेतस्थळ वाचतानाच फोनवरचे रूप प्रमाण मानू लागला. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, असा त्यांचा आजचा निकष आहे. ‘कोअर वेब व्हायटल्स’ या नावाने असे तीन निकष आहेत: मुख्य मजकूर किती लवकर दिसतो, बोट लावल्यावर पान किती चटकन प्रतिसाद देते आणि वाचता वाचता मजकूर जागचा हलतो का. शोधाच्या क्रमवारीत या गोष्टी निर्णायक नसतात. आधी मजकूर प्रश्नाशी जुळावा लागतो. पण बाकी सारे सारखे असेल तेव्हा त्यांचे वजन पडते.

मजकूर जुळणे हा भाग आपल्याकडे अधिक अडचणीचा आहे आणि त्याचे कारण लिपीत दडले आहे.

शोधयंत्र अक्षरे वाचते. चित्रातली अक्षरे त्याला कधी कळतात, कधी नाहीत. आणि आपली सारी सूचनापत्रे चित्रांतच असतात. चर्चचे पवित्र सप्ताहाचे वेळापत्रक छापखान्यात कोरलड्रॉ या प्रोग्रामवर तयार होते, त्याचा जेपीजी व्हॉट्सॲपवर फिरतो आणि तोच संकेतस्थळावर चढतो. डोळ्यांना त्यात गुड फ्रायडेच्या विधीची वेळ स्वच्छ दिसते. शोधयंत्राला तिथे बहुधा फक्त एक चित्र आहे एवढेच कळते. अंध व्यक्तीच्या फोनमध्ये पान वाचून दाखवणारा प्रोग्राम असतो. त्याचीही तीच गत होते. आणि चित्रातल्या फोन नंबरवर बोट ठेवून सहसा थेट फोन लावता येत नाही. तो कागदावर लिहून घ्यावा लागतो, ज्येष्ठांना तर मुलाला हाक मारावी लागते.

चित्र नसून मजकूर असला तरी तो खरा देवनागरी असेलच असे नाही. युनिकोड ही जगातल्या लिप्यांसाठीची सामाईक संकेतप्रणाली १९९१ मध्ये आली तेव्हापासून तिच्यात देवनागरी आहे. पण आपल्या छापखान्यांतून त्यानंतरही दीर्घकाळ जुन्या पद्धतीचे फॉन्ट चालत राहिले, काही ठिकाणी अजून चालतात. त्या फॉन्टमध्ये संगणकात साठवलेली असतात रोमन अक्षरे आणि चिन्हे. पडद्यावर त्यांना फक्त देवनागरी चेहरा दिलेला असतो. अशा फायलीतून मजकूर उचलून संकेतस्थळावर चिकटवला की चेहरा गळून पडतो आणि खालची निरर्थक चिन्हे उरतात. पीडीएफमध्ये चेहरा टिकतो, म्हणून ती चूक लक्षात येत नाही. पण शोधणाऱ्याला आत काहीच सापडत नाही. कित्येक चर्चच्या स्मरणिका आणि जुने अंक याच अवस्थेत असणार.

मराठी ख्रिस्ती लेखनाला लिपीची ही अडचण नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले ते रोमन लिपीत. देवनागरीचे खिळेच तिथे नव्हते. त्या काळी इलाज नव्हता. आज युनिकोड कळफलक प्रत्येक फोनमध्ये आहे आणि जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनेही आहेत, त्यामुळे ही सबब उरलेली नाही.

नावाच्या बाबतीत मात्र एक वेगळी गुंतागुंत आहे. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले ते २००८ मध्ये. त्याआधी ते वेगवेगळ्या जोडण्या करून लिहिले जाई आणि आजही तसे लिहिणारे आहेत. त्यामुळे ‘सेंट ॲन्थनी’ हे नाव डोळ्यांना एकच दिसले तरी संगणकाला दोन-तीन प्रकारचे दिसू शकते. शिवाय कुणी ‘अँथनी’ लिहितो. शोधणारे तर बरेचदा मराठी प्रश्न रोमन लिपीतच टाइप करतात. म्हणून चर्चचे किंवा दुकानाचे नाव, गावाचे नाव आणि मुख्य सेवा या गोष्टी पानावर दोन्ही लिप्यांत, साध्या वाक्यांत असाव्यात. शब्दांची माळ लावून शोधयंत्राला भुलवण्याचे दिवस गेले. दोन स्वच्छ वाक्ये पुरतात.

याच्या जोडीला ‘स्ट्रक्चर्ड डेटा’ नावाची सोय आहे. मराठीत तिला लेबल लावलेली माहिती म्हणता येईल. २०११ मध्ये गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहू यांनी मिळून अशा लेबलांची एक सामाईक यादी तयार केली. तिच्यात चर्च, दुकान, उपाहारगृह, उघडण्याच्या वेळा, कार्यक्रमाची तारीख अशा सगळ्यांसाठी ठरलेली लेबले आहेत. वाचकाला ती दिसत नाहीत. यंत्राला मात्र कळते की ‘सकाळी ७.००’ ही मिस्साची वेळ आहे की कार्यालयाची. संकेतस्थळ बनवणाऱ्याला हे काम तासाभराचे आहे, पण ते मागितल्याशिवाय तो करत नाही.

इथे एक रास्त शंका निघेल. व्हॉट्सॲप गट आहेत, फेसबुक पान आहे, नकाशावर दुकान दिसते; मग स्वतःचे संकेतस्थळ हवेच कशाला? गटाचे उत्तर सोपे आहे: तो आतल्यांसाठी असतो. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेना प्रार्थनेला अन्य धर्मांचेही लोक मोठ्या संख्येने येतात. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या सप्टेंबरमधल्या जत्रेला तर सारी मुंबई लोटते. ही माणसे त्या चर्चच्या कुठल्याच गटात नसतात आणि रविवारी वेदीवरून होणाऱ्या सूचनाही ऐकत नाहीत. आंबेवाल्याचा नवा गिऱ्हाईकही तसाच, गटाबाहेरचा.

नकाशावरच्या नोंदीचे उत्तर थोडे वेगळे आहे. ती नोंद जरूर असावी. ती फुकट आहे आणि जवळपास शोधणाऱ्याला बहुधा तीच आधी दिसते. कित्येकदा ती कुणा तिऱ्हाइताने केलेली असते, म्हणून संस्थेने तिच्यावर आपला हक्क नोंदवून वेळा आणि नंबर तपासले पाहिजेत. पण फेसबुक पानासारखीच ती जागाही भाड्याची आहे. गूगल आपल्या व्यवसाय-नोंदीबरोबर छोट्या व्यावसायिकांना एक पानी संकेतस्थळ फुकट बनवून देत असे. मार्च २०२४ मध्ये ती सगळी संकेतस्थळे बंद करण्यात आली. काही महिने जुन्या पत्त्यावरून नोंदीकडे वळवण्याची सोय राहिली, मग तीही गेली. ज्यांनी तो पत्ता पाटीवर, पिशवीवर, बिलावर छापला होता, त्यांचे छापील पत्ते निकामी झाले. ऑर्कुट हे समाजमाध्यम २०१४ मध्ये बंद झाले तेव्हा तिथल्या समूहांनी हेच पाहिले होते.

ऑगस्ट २०२४ पासून भारतातल्या गूगल शोधात वरच्या बाजूला कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेले तयार उत्तर येऊ लागले आहे. त्यामुळे वाचक संकेतस्थळावर येईलच असे राहिलेले नाही. त्याला उत्तर वरच मिळते. यातून संकेतस्थळाची गरज संपली असा निष्कर्ष काढणारे आहेत. पण ते उत्तर कुठल्या ना कुठल्या पानावरूनच उचललेले असते. अधिकृत पानावर गेल्या वर्षीची वेळ असेल, तर यंत्र तीच वेळ ठामपणे सांगते आणि माणूस बंद दारापुढे उभा राहतो. चूक यंत्राची दिसते, असते मात्र आपल्या पानाची.

आता मजकुराकडे येऊ. चर्चच्या दाराशी काचेच्या पेटीत सूचनाफलक असतो. त्यावर या आठवड्याच्या वेळा, लग्नाच्या जाहीर सूचना, कुणाच्या अंत्यविधीची वेळ असते आणि शिळा कागद कुणीतरी काढून टाकतो. आपली संकेतस्थळे या फलकासारखी असायला हवी होती. ती झाली स्मरणिकांसारखी. अध्यक्षांचे मनोगत, दूरदृष्टी आणि ध्येय, इतिहास, कार्यकारिणीचे गटचित्र. इतिहासाला जागा जरूर असावी, वसईच्या चर्चचा इतिहास तर कुणीही आवडीने वाचेल. पण तो दुसऱ्या पानावर. पहिल्या पानावर आपोआप सरकणारी पाच चित्रे आणि आपोआप वाजणारे गाणे यांना तर कुठेच जागा नाही. मिस्सा चालू असताना कुणीतरी वेळ पाहायला पान उघडावे आणि फोनने गायला लागावे, हा प्रसंग कुणावरही येऊ नये.

चर्चकडे येणाऱ्या प्रश्नांची यादी तयार करायला फार डोके लागत नाही. कार्यालयात फोन उचलणाऱ्या व्यक्तीला विचारले की ती सांगते: मिस्साच्या वेळा आणि भाषा, कार्यालय कधी उघडे, बाप्तिस्म्यासाठी कोणती कागदपत्रे, लग्नाआधीच्या प्रशिक्षणाची तारीख, बाप्तिस्म्याचा दाखला कसा मिळतो. शेवटचा प्रश्न आखातातून, कॅनडातून, ऑस्ट्रेलियातून येतो. वसई आणि गोव्यातून परदेशी गेलेल्यांना लग्नाच्या वेळी हा दाखला लागतो. कोणती माहिती कळवायची आणि दाखला कुणी न्यायला यायचे, एवढे लिहिलेले एक पान असेल तर अर्धे फोन कमी होतात.

व्यापाऱ्याच्या पानावर वाद भावाचा असतो. ‘भावासाठी संपर्क करा’ असे लिहिण्यामागे कारण आहे: हापूसचा भाव मार्चमध्ये वेगळा, मे महिन्यात वेगळा, आणि प्रतिस्पर्धीही पाहत असतो. तरीही भाव न लिहिणे गिऱ्हाइकाला परत पाठवते असेच आम्हाला वाटते. भाव आणि त्याखाली तारीख लिहावी; बदलला की दोन्ही बदलावे. फळाचे वजन, पेटीत किती नग, कोणत्या शहरात पोच, डागी फळाचे काय करणार, हेही सांगावे. देवगड आणि रत्नागिरीच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आपण नोंदणीकृत उत्पादक असू तर तो क्रमांक इथे दिसला पाहिजे. जूनमध्ये हंगाम संपला की तसे स्पष्ट लिहावे. ऑगस्टमध्ये एप्रिलचा भाव दाखवणारे पान उरलेल्या मजकुरावरचाही विश्वास घालवते.

स्वतःच्या संकेतस्थळावरून नियमित विक्री करणाऱ्याला कायद्याचीही बाजू आहे. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियमांनुसार व्यवसायाचे नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार अधिकाऱ्याचे नाव ठळकपणे द्यावे लागते. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात अपेक्षित आहे.

चर्चसाठी कायद्याच्या जागा निराळ्या आहेत, आणि त्यांतली देणग्यांची जागा सर्वांत निसरडी. परदेशस्थ भाविकांसाठी ‘देणगी द्या’ असे बटण लावणे तांत्रिकदृष्ट्या पाच मिनिटांचे काम आहे. पण परकीय योगदान (नियमन) कायदा, २०१० नुसार परदेशी स्रोताकडून पैसे घ्यायचे तर नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ते पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावे लागतात. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाने रीतसर बँकेमार्फत आपल्या बचतीतून दिलेले पैसे परकीय धरले जात नाहीत. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या ओसीआय कार्डधारकाचे मात्र धरले जातात. एकाच आळीतले दोन भाऊ, एक दुबईत आणि एक कॅनडाचा नागरिक झालेला, यांच्या देणग्या कायद्याला वेगवेगळ्या दिसतात. हा भेद बटणाला कळत नाही, म्हणून ते लावण्याआधी हिशेबनिसाला विचारावे.

दुसरी जागा लहान मुलांची. पहिल्या ख्रिस्तप्रसादाचे, रविवारच्या धर्मशिक्षण वर्गाचे फोटो नावांसह टाकण्याची पद्धत आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. कायद्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत असली तरी पालकांना विचारून घ्यायला कुणाची हरकत नसावी. आजाऱ्यांसाठी प्रार्थनेची यादी गावात वाचली जाणे वेगळे आणि नाव, आजार, पत्त्यासकट जगाला शोधता येणे वेगळे.

हे सगळे तंत्र आणि कायदे पाहिल्यावर आमचे मत असे की चांगल्या संकेतस्थळाचा प्रश्न पैशाचा फारसा नाही आणि देखणेपणाचा तर नाहीच. सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र, ज्याच्याअभावी क्रोम ब्राउझर जुलै २०१८ पासून ‘सुरक्षित नाही’ असा शेरा मारतो, ते लेट्स एन्क्रिप्टसारख्या संस्थेकडून फुकट मिळते. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नाव, साधारणपणे वर्षाला हजार रुपयांच्या आसपास पडते. अडते ते मालकी आणि राखणदारीवर. पाच साधी, मजकुराने भरलेली, महिन्यातून एकदा तपासली जाणारी पाने पन्नास पानांच्या थाटापेक्षा उपयोगी पडतात. आणि तपासणारे माणूस ठरलेले नसेल तर ती पाच पानेही सहा महिन्यांत शिळी होतात.

मालकीची गोष्ट तर बहुतेकांना डोमेन हातचे गेल्यावरच कळते. नाव बरेचदा संकेतस्थळ बनवणाऱ्याच्या ईमेलवर नोंदलेले असते. नूतनीकरणाच्या सूचना त्याला जातात, तो दुसऱ्या धंद्यात असतो आणि मुदत टळते. डॉट कॉमसारख्या नावांच्या बाबतीत त्यानंतर सवलतीचा काळ मिळतो, मग जास्त पैसे भरून सोडवून घेण्यासाठी तीस दिवस, आणि अखेर नाव खुले होते. जुन्या, विश्वासार्ह नावांवर टपून बसलेले लोक असतात. काल जिथे प्रार्थनेच्या वेळा होत्या तिथे उद्या ऑनलाइन जुगाराची जाहिरात दिसू शकते. चर्चच्या बाबतीत ही नुसती गैरसोय राहत नाही, बदनामी होते.

म्हणून डोमेन संस्थेच्या नावावर घ्यावे आणि त्यासाठीचा ईमेल फादरचा, मालकाचा किंवा भाच्याचा वैयक्तिक नसावा. कार्यालयाचा असावा आणि त्याची किल्ली दोन माणसांकडे असावी. नोंदणी एका वेळी दहा वर्षांपर्यंत करता येते. तिची पावती, मुदत संपण्याची तारीख आणि पासवर्ड बदलण्याची पद्धत लिहिलेला कागद चर्चच्या इतर दस्तऐवजांबरोबर ठेवला, की नव्या फादरने कारभार हाती घेताना दप्तर, शिक्के आणि बँकेच्या सह्यांबरोबर तोही आपोआप हस्तांतरित होतो.